शिक्का नसलेला काटा

“माझं दुकान मी उघडतो, मीच बंद करतो. ते आहे की नाही, हे त्या कंपनीला कशाला पटवून देत बसू?”

हे वाक्य मी मिरजेच्या बाजारात ऐकलं आहे, सांगलीत ऐकलं आहे, जयसिंगपूरला एका लग्नात पंगतीला बसल्यावरही ऐकलं आहे. भांडी विकणारे म्हणतात, झेरॉक्सवाले म्हणतात, मिक्सर दुरुस्त करणारे म्हणतात. बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर बाणेदारपणाचं समाधान असतं आणि आजूबाजूचे माना डोलावतात. मला त्या डोलणाऱ्या मानांचा राग येतो. या बाण्याची किंमत बोलणारा स्वतः भरत नाही. ती भरतो परगावाहून आलेला, हातातल्या फोनवर विश्वास ठेवून तुमचं दुकान शोधणारा अनोळखी माणूस.

विषय साधा आहे. गूगलच्या नकाशावर धंद्याची नोंद असते: नाव, पत्ता, फोन, उघडण्याच्या वेळा, लोकांचे अभिप्राय. २०१४ पासून या सोयीचं नाव ‘गूगल माय बिझनेस’ होतं, २०२१ मध्ये ते ‘गूगल बिझनेस प्रोफाइल’ झालं. ही नोंद माझी आहे असं म्हणणाऱ्यानं ते दाखवून द्यायचं असतं. कधी फोनवर किंवा ईमेलवर काही अंक येतात, कधी दुकानाच्या पत्त्यावर टपालानं कार्ड येतं आणि अलीकडे पुष्कळांना दुकानाचा व्हिडिओ काढून पाठवावा लागतो. हीच पडताळणी. तिला एक पैसाही पडत नाही. तरीही आपल्याकडचे कितीतरी छोटे दुकानदार ती करायचं टाळतात आणि टाळण्याला तत्त्वाचं रूप देतात.

त्यांचं म्हणणं मी त्यांच्याच शब्दांत मांडतो. आमची गिऱ्हाइकं ठरलेली आहेत, आम्हाला नेटची गरज नाही. आम्ही त्या नकाशावर नाहीच, मग पडताळायचं काय? गुमास्ता परवाना आहे, पाटी आहे, तीस वर्षांचं नाव आहे, आणखी पुरावा कुणाला हवा? फारच वाटलं तर एखाद्या पोराला चार पैसे देऊ, तो करून टाकेल. आणि एवढं करूनही नकाशावर खोटी दुकानं असतातच, मग उपयोग काय? असे हे पाच मुद्दे. या पाचांवर ठाम असलेल्यांत माझे वडीलही होते, म्हणून यातला प्रत्येक मुद्दा मी जेवणाच्या ताटावर ऐकलेला आहे. आज यातला एकही मला मान्य नाही.

“गिऱ्हाइकं ठरलेली आहेत”

मिरजेत बसून हे म्हणणाऱ्यानं आपल्याच गावाकडे नीट पाहिलेलं नाही. १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांनी इथे दवाखाना काढला आणि तेव्हापासून हे गाव परगावच्या माणसांवर उभं आहे. अथणीहून, विजापूरहून, बेळगावहून, कोकणातून, गोव्यातून पेशंट येतात. पेशंटबरोबर दोन नातेवाईक येतात. त्यांना रात्री साडेअकराला औषधाचं दुकान हवं असतं, सकाळी सहाला चहा, दुपारी डबा, डॉक्टरांनी सांगितलेला कमरेचा पट्टा, कागदांच्या झेरॉक्स. त्यांना तुमचं नाव ठाऊक नाही, गल्ली ठाऊक नाही, कित्येकांना मराठीही धड येत नाही. ते फोन काढतात आणि जे दिसेल तिकडे चालू लागतात. ही माणसं तुमची गिऱ्हाइकं नाहीत?

याच गावात सतारी आणि तंबोरे घडवणाऱ्यांची गल्ली आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकनाचा अर्थच असा, की ही वस्तू या गावची आहे आणि जगानं ती इथूनच घ्यावी. वाद्य घ्यायला येणारा माणूस शेजारच्या गल्लीतला नसतो. मानांकनाचा कागद काचेत लावायचा आणि नकाशावरची स्वतःची नोंद बेवारस ठेवायची, याला काय म्हणावं?

आणि ठरलेली गिऱ्हाइकं तरी ठरलेली राहतात का? त्यांची मुलं पुण्याला जातात, सुना मुंबईहून येतात, जुने व्यापारी दुकान मोडून फ्लॅटमध्ये राहायला जातात. जो तीस वर्षं तुमच्याकडे येतो, तोही गणपतीच्या दिवसांत आधी फोनमध्ये बघतो, आज उघडं आहे का. तिथे चुकीची वेळ दिसली की तो रागावत नाही, भांडत नाही. शेजारच्या दुकानात जातो, आणि तो गेला हे तुम्हाला कधीच कळत नाही.

“आम्ही नकाशावर नाहीच”

हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे आणि सगळ्यात महागही. नकाशावर यायला तुमची परवानगी लागत नाही. रस्त्यानं जाणारा कोणीही एखादी जागा तिथे टाकू शकतो, फोटो चढवू शकतो, अभिप्राय लिहू शकतो. ‘बदल सुचवा’ म्हणून एक सोय आहे. तिच्यातून कोणीही फोन नंबर बदलायला सुचवू शकतो, ‘हे दुकान कायमचं बंद झालं आहे’ असंही कळवू शकतो. सूचना तपासली जाते, पण नोंदीला मालकच नसेल तर ‘हे खोटं आहे’ असं म्हणणारा कोण राहिला? तुम्ही नकाशावर आहातच. प्रश्न एवढाच उरतो, की तिथे तुमच्याबद्दल कोण लिहितो आहे.

हे मला एका गुळाच्या व्यापाऱ्यानं शिकवलं. आमचं दुकान वजनकाटे दुरुस्तीचं. अप्पा, म्हणजे माझे वडील, चाळीस वर्षं हेच काम करतात. एका सकाळी अथणीकडचा हा व्यापारी टेंपोतून मोठा प्लॅटफॉर्म काटा घेऊन आला. काटा उतरवला, घाम पुसला आणि म्हणाला, “मालक, आगाऊ पाठवलंय की कालच. पंधराशे.” अप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मी अप्पांकडे. आमच्याकडे आगाऊ घ्यायची पद्धतच नाही. त्यानं फोन पुढे केला. गूगलच्या नकाशावर आमच्या दुकानाचं नाव होतं, आमच्या पाटीचा कुणीतरी काढलेला फोटो होता, खाली नंबर होता आणि तो नंबर आमचा नव्हता. त्यानं त्या नंबरवर फोन केला होता. पलीकडच्यानं गोड बोलून ‘काटा घेऊन या, लोड सेल मागवावा लागेल, निम्मे पैसे पाठवा’ म्हणून सांगितलं होतं.

आम्ही सांगितलं, की हा नंबर आमचा नाही. त्यानंतर त्यानं अप्पांकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मी विसरू शकत नाही. तो एकदा पाटीकडे बघे, एकदा फोनकडे. दोन्हीकडे एकच नाव. त्यानं कुणाला चोर समजायचं? चाळीस वर्षांत ज्यांच्या काट्याबद्दल कुणी शंका घेतली नाही, त्या माणसाच्या दुकानात एक परका मनुष्य ‘मला यांनीच फसवलं’ अशा चेहऱ्यानं उभा होता, आणि आमच्याजवळ दाखवायला काही नव्हतं. अप्पांनी काटा उघडला, दुरुस्त केला आणि बिलातून पंधराशे वजा केले. मी काही बोलायच्या आत म्हणाले, “माझ्या नावानं गेलेत ना त्याचे? मग माझेच गेले.”

ही आमच्या एकट्याची दैना असती तर मी लिहायला बसलो नसतो. २०१८ मध्ये ठाण्यात भामट्यांनी गूगलच्या नकाशावर बँक ऑफ इंडियाच्या शाखांचे नंबर बदलून स्वतःचे टाकले होते. लोक बँक समजून त्या नंबरांवर फोन करत आणि खात्याची गुप्त माहिती सांगून बसत. तक्रारी महाराष्ट्राच्या सायबर पोलिसांपर्यंत गेल्या. बँकेजवळ वकील आहेत, तांत्रिक विभाग आहे, जनसंपर्क अधिकारी आहेत. तुमच्या-माझ्या दुकानाजवळ काय आहे? आमच्याजवळ एकच साधन आहे: नोंद आपल्या ताब्यात असणं. ताब्यात असली की कुणी सुचवलेला बदल आपल्याला कळतो, चुकीचा असेल तर परतवता येतो, अभिप्रायाला आपल्या नावानं उत्तर देता येतं. यातलं काहीही पडताळणीशिवाय करता येत नाही.

“आणखी पुरावा कुणाला हवा?”

इथे मी अप्पांच्याच धंद्यातून उत्तर देणार आहे, कारण यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याजवळ नाही.

व्यापाऱ्याचा काटा कायद्यानं ठरलेल्या मुदतीत तपासून घ्यावा लागतो, इलेक्ट्रॉनिक काटा दर वर्षी. दुरुस्तीसाठी काटा उघडला की जुनं सील तुटतं. दुरुस्ती झाली की निरीक्षक त्यावर प्रमाणित वजनं ठेवून बघतो, मग शिक्का मारतो आणि प्रमाणपत्र देतो. ते प्रमाणपत्र गिऱ्हाइकाला दिसेल असं भिंतीवर लावायचं असतं. सरकारी कागदावर या कामाचं नाव आहे ‘पडताळणी व मुद्रांकन’. म्हणजे पडताळणी हा शब्द आमच्या घरात माझ्या जन्माआधीपासून राहतो आहे.

दर वर्षी कुणीतरी अडत्या अप्पांशी हुज्जत घालतो: काटा तर बरोबर दाखवतोय, मग शिक्का कशाला? अप्पांचं उत्तर ठरलेलं असतं. “बरोबर आहे हे तुला ठाऊक. पोतं घेऊन आलेल्याला कसं ठाऊक?” आणि तेच अप्पा मला सांगत होते, की आपलं दुकान खरं आहे, मग पडताळणी कशाला! अथणीचा माणूस गेल्यावर त्या संध्याकाळी मी त्यांना त्यांचंच वाक्य परत ऐकवलं. दुकान खरं आहे हे आपल्याला ठाऊक, काटा घेऊन आलेल्याला कसं ठाऊक? ते गप्प बसले. थोड्या वेळानं म्हणाले, “काय करायचं असतं, दाखव.”

शिक्का काट्याच्या मालकासाठी नसतो, तो समोरच्या माणसासाठी असतो. हे जो किराणा दुकानदार जाणतो, डाळीच्या पिशवीवर छापलेलं वजन जाणतो, खाद्यपदार्थांच्या पाकिटावरचा चौदा आकडी परवाना क्रमांक जाणतो, त्याला नकाशावरच्या नोंदीपाशी आल्यावर अचानक अपमान का वाटावा? गुमास्ता तुमच्या भिंतीवर आहे. अथणीहून निघालेल्या माणसाला तो तिथून दिसतो का?

दुकानाची पाटी मराठीत असावी म्हणून आपण कायदा केला. तो न्यायालयात टिकवला. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुंबईच्या दुकानदारांना मराठी पाट्यांसाठी दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा आपल्याला आनंद झाला आणि तो योग्यच होता. पण आज बरंचसं गिऱ्हाईक तुमची पहिली पाटी रस्त्यावर वाचत नाही, फोनमध्ये वाचतं. तिथलं नाव कुणा वाटसरूनं इंग्रजीत चुकीच्या स्पेलिंगनं लिहिलेलं, पत्ता मागच्या गल्लीतला आणि नंबर कुणाचा, देवाला ठाऊक. रस्त्यावरच्या पाटीसाठी जो आग्रह धरतो, त्यानं या पाटीकडे पाठ फिरवायची, हे मला समजत नाही.

आणि कंपनी परदेशी आहे म्हणून पुरावा द्यायचा नाही, हा मुद्दा तर अगदी पोकळ आहे. त्याच कंपनीच्या ॲपवरून तुम्ही पैसे घेता, तिच्याच नकाशावर बघत कोल्हापूरला माल पोचवता, मुलाच्या परीक्षेचं केंद्र शोधता. घेताना ती परकी वाटत नाही. आपली जबाबदारी आली की तेवढी ती परकी होते?

“एखाद्या पोराला देऊ चार पैसे”

या मुद्द्यावर मला कळकळीनं सांगायचं आहे, कारण पडताळणी टाळणाऱ्यांपेक्षाही इथे फसणाऱ्यांचं नुकसान जास्त होतं. दुपारी फोन येतो. “सर, कंपनीतून बोलतोय, तुमची नोंद उद्या बंद होणार आहे, पडताळणीचे पाच हजार भरा.” काही जण भरतात. आमच्या ओळखीच्या एका टेलरिंगवाल्या ताईंनी भरले. पडताळणी झाली, नोंद दिसू लागली, ताई खूश झाल्या. वर्षानं दुकान शेजारच्या इमारतीत हलवलं तेव्हा कळलं, की पत्ता बदलायचा अधिकार त्यांच्याजवळ नाहीच. नोंदीचा मालक म्हणून त्या माणसाचाच ईमेल होता. पत्ता बदलायचे त्यानं पुन्हा पैसे मागितले. स्वतःच्या दुकानाच्या भाडेकरू झाल्यासारखं त्यांचं झालं.

म्हणून सगळ्यांनी हे नीट ध्यानात घ्यावं. नोंदही फुकट आहे आणि पडताळणीही. पडताळणीसाठी आलेले अंक म्हणजे दुकानाच्या कुलपाची किल्ली. ती फोनवर कुणालाही सांगायची नाही, मग तो स्वतःला कोण म्हणवतो याला महत्त्व नाही. कुणाची मदत घ्यायची असेल तर जरूर घ्या, पण ईमेल तुमचा, मालक तुम्ही आणि मदतनीस हा फक्त व्यवस्थापक. तशी वेगळी भूमिका देण्याची सोय तिथे आहे. दुसऱ्यानं आधीच दावा करून ठेवला असेल तर ताबा मागण्याची वाटही आहे. विनंती पाठवायची, समोरच्याला उत्तर द्यायला काही दिवसांची मुदत मिळते, त्यानं दाद दिली नाही तर पडताळणी करून नोंद परत मिळवण्याचा मार्ग उघडतो.

‘पहिल्या नंबरवर आणतो’ म्हणणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवावं. स्थानिक शोधात कोण वर दिसेल हे तीन गोष्टींवर ठरतं, असं गूगलच सांगतं: शोधणाऱ्याला हवं ते तुमच्याकडे आहे का, तुम्ही त्याच्यापासून किती लांब आहात आणि तुमचं नाव किती जाणतं आहे. पैसे देऊन या यादीत वर जाता येत नाही, हेही तेच सांगतं. मग हा माणूस नेमकं काय विकतो? बऱ्याचदा तो तुमच्या नावापुढे ‘मिरजेतील सर्वोत्तम, स्वस्त, होम डिलिव्हरी’ अशी शेपटी जोडतो. पाटीवर नसलेलं नाव नोंदीवर लावणं नियमाविरुद्ध आहे आणि त्यापायी नोंद बंद पडू शकते. म्हणजे पैसे देऊन तुम्ही स्वतःच्या हातानं स्वतःचा काटा बिघडवून घेता.

“तरीही खोटी दुकानं असतातच”

असतात. २०१९ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’नं गूगलच्या नकाशावर सुमारे १ कोटी १० लाख खोट्या नोंदी असल्याचा अंदाज छापला. २०१८ या एका वर्षात आपण तीस लाखांहून जास्त खोट्या नोंदी काढून टाकल्या, असं त्याच सुमारास कंपनीनंही सांगितलं. तेव्हा घाण आहे, हे कुणी नाकारत नाही.

पण यावरून निष्कर्ष काय काढायचा? बाजारात खोटी वजनं सापडतात म्हणून कुणी शिक्क्याची पद्धत बंद करा म्हणतं का? उलट तपासणी वाढवा म्हणतं. खोट्या नोंदी जगतात त्या खऱ्यांच्या बेफिकिरीवर. ज्या गल्लीत दहाच्या दहा दुकानांची नोंद मालकाच्या ताब्यात आहे, तिथे अकरावं खोटं दुकान लगेच डोळ्यांत येतं, कारण दहा माणसं ‘असं दुकान इथं नाही’ म्हणून कळवतात. जिथे दहाच्या दहा बेवारस आहेत, तिथे अकराव्याला कोण विचारणार? खोटं आहे म्हणून खऱ्यानं मागे हटायचं, हा कुठला न्याय झाला?

घरातून चालणारे धंदे

या पाच मुद्द्यांखेरीज एक शंका मी आदरानं ऐकतो, कारण ती आळसातून आलेली नाही. घरी डबे करणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या, शिकवण्या घेणाऱ्या बायका विचारतात: नोंद केली तर घराचा पत्ता साऱ्या जगाला दिसेल ना? कोणीही दारात येऊन उभा राहिला तर? ही भीती खरी आहे. तिच्यावर उपायही खरा आहे. जो धंदा गिऱ्हाइकाच्या दारी जातो, त्याला पत्ता झाकून ठेवता येतो आणि फक्त कोणत्या भागात सेवा देता तेवढं दाखवता येतं, असे जास्तीत जास्त वीस भाग. पत्ता पडताळणीपुरता द्यायचा, लोकांपुढे मांडायचा नाही. ही गोष्ट या बायकांना कुणी सांगत नाही, ‘ते तुमच्यासाठी नाही’ एवढं सांगून परत पाठवतात. दुकानाचं भाडं परवडत नाही म्हणून घरातून काम करणारीला शोधात दिसण्याची गरज सगळ्यांत जास्त आहे. तिच्या दारावर पाटीही नसते.

व्हिडिओ

शेवटी उरतं ते ‘जमत नाही, नामंजूर करतात’. आमचा पहिला व्हिडिओ नामंजूर झाला आणि चूक माझी होती. मी दुकानाच्या आतून सुरुवात केली, काटे दाखवले, अप्पांना दाखवलं, मग थांबवून बाहेरचं जोडलं. पण व्हिडिओ सलग हवा असतो, मधे न कापलेला. आणि त्यातून तीन गोष्टी दिसाव्या लागतात: जागा कुठे आहे, धंदा खरोखर चालतो का, आणि काढणारा तिथला अधिकार असलेला माणूस आहे का.

दुसऱ्या वेळी आम्ही सकाळी शटर उघडायच्या आधी उभे राहिलो. चौकातल्या रस्त्याच्या पाटीपासून सुरुवात केली. शेजारचं सायकलचं दुकान, समोरचं मारुतीचं देऊळ, मग आमची पाटी. ती आधल्या दिवशी मी शिडी लावून पुसली होती, कारण वरचं नाव धुळीनं वाचता येत नव्हतं. नोंदीतलं नाव आणि पाटीवरचं नाव अक्षर न् अक्षर एक करून ठेवलं होतं. अप्पांनी खिशातून किल्ली काढली, कुलूप उघडलं, शटर वर ढकललं. आत बाकावरची शेगडी, ओतीव लोखंडाची वीस किलोंची वजनं, उघडून ठेवलेला एक काटा, त्याच्या तारा. भिंतीवरचा दुरुस्तीचा परवाना. शेवटी गल्ला, तो त्यांनीच उघडला. दोन मिनिटांच्या आत झालं. चार दिवसांनी मंजुरीचा ईमेल आला. त्या रात्रीच आम्ही खोटा नंबर काढून आमचा टाकला.

दोन मिनिटं. चाळीस वर्षांचं नाव सांभाळायला दोन मिनिटं आणि एक पुसलेली पाटी. एवढ्यासाठी आम्ही किती वर्षं बाण्याच्या गोष्टी केल्या?

एक गोष्ट मात्र मी मान्य करतो आणि ती मागणी म्हणून मांडतो. अडचण आली तर बोलायला माणूस मिळत नाही आणि नामंजुरीचं कारण धड सांगितलं जात नाही, ही तक्रार योग्य आहे. तिच्यासाठी व्यापारी संघटनांनी भांडलं पाहिजे, मराठीत मदत मागितली पाहिजे, आपल्या सभासदांसाठी शिबिरं घेतली पाहिजेत. वजनमापांच्या तपासणीची शिबिरं बाजारात भरतात, तशीच नोंदींच्या पडताळणीचीही भरवता येतील. पण भांडायला उभं राहायचं तर पाय स्वतःच्या जागेवर हवेत. नोंद ताब्यात नसलेला माणूस कुणाशी काय भांडणार?

हल्ली अप्पांनी एक नवी सवय लावून घेतली आहे. काटा शिक्का होऊन आला, पैसे देऊन झाले, की ते गिऱ्हाइकाला विचारतात, “नकाशावर तुझ्या दुकानाचा म्हणून कुणाचा नंबर आहे, बघितलास का?” बहुतेकांनी बघितलेला नसतो. मग ते त्याला तिथेच बाकावर बसवून फोन काढायला लावतात. परवा एका बियाणांच्या दुकानदारानं नेहमीचंच उत्तर दिलं: माझं दुकान आहे हे साऱ्या गावाला माहीत आहे. अप्पा म्हणाले, “गावाला माहीत आहे रे. गावाबाहेरून येणाऱ्याचे पैसे कोण भरणार, तू?”

माझं सगळं म्हणणं या एका प्रश्नात आहे. पडताळणी न करणं हा बाणा नव्हे. ते उघडं टाकलेलं दार आहे आणि त्यातून चोर शिरला की लुटला जातो तुमच्या नावावर विश्वास ठेवून आलेला माणूस. शिक्का नसलेल्या काट्यावर माल तोलून देणाऱ्याला आपण प्रामाणिक म्हणत नाही, मग तो काटा कितीही बरोबर असो. पडताळणी नसलेल्या नोंदीवर गिऱ्हाईक बोलावणाऱ्याला वेगळा नियम का लावायचा? आज शटर ओढण्याआधी स्वतःच्या दुकानाचं नाव फोनमध्ये शोधा. नाव, नंबर, वेळ, पत्ता या चारांतलं जे तुमचं नाही ते दुरुस्त करा आणि नोंद आपल्या ताब्यात घ्या. दुकान तुमचं आहे, तर त्याच्या नावावर कुणाचे पैसे गेले याचा जाबही तुम्हालाच द्यावा लागेल.